मुरमाची खाण बुजवताना वरची काळी माती कशी सांभाळावी

इंदूर ते महू या पट्ट्यात मुरूम आणि गिट्टीसाठी उघडलेल्या खाणींच्या माथ्यावर बहुधा काळी माती असते, तिच्याखाली पिवळट चुनखडीची माती, मग मुरूम आणि शेवटी बेसाल्टचा कातळ. खाण बुजवताना हेच थर मूळ क्रमाने परत बसवावे लागतात. ‘सगळे एकत्र लोटा आणि वरून शेणखत घाला’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला जमिनीचा घात करतो, कारण मुरमात एकदा मिसळलेली काळी माती पुन्हा वेगळी काढता येत नाही.

काळी माती प्रथम उचलावी आणि रंग बदलताच थांबावे. तिचा ढीग मुरमापासून दूर, दोन मीटरांपेक्षा कमी उंचीचा ठेवावा. उंच ढिगाच्या पोटात हवा पोहोचत नाही आणि मातीतील उपकारक बुरशी मरते. ढिगावर ताग किंवा ढैंचा ही हिरवळीच्या खताची पिके पेरावीत. नव्या भागाची माती थेट बुजवलेल्या भागावर नेता आली, तर ढीग करूच नये.

भरावात मोठे दगड तळाशी, त्यावर मुरूम, त्यावर पिवळी माती घालावी. भराव पुढे बसतो, म्हणून मध्यभाग थोडा उंच ठेवावा.

खरी कसोटी काळी माती परत पसरण्याची, आणि मलाही सर्वाधिक झगडावे लागले ते याच टप्प्यावर. डंपरच्या फेऱ्यांनी भरावाचा पृष्ठभाग इतका दाबला जातो, की त्यावर माती पसरली तर पावसाचे पाणी भराव आणि माती यांच्या सांध्यावर अडते, मुळे तेथे पोहोचताच आडवी वळतात आणि पीक पिवळे पडते. म्हणून माती टाकण्यापूर्वी रिपरने (यंत्राला जोडलेल्या लांब लोखंडी दात्याने) अर्धा मीटर खोल, उताराला आडवा, समपातळीत, भराव उकलून घ्यावा. वरवर वखर फिरवून हे साधत नाही.

दुसरी अट ओलाव्याची. मातीची वळी हातावर वळून पाहावी. पेन्सिलीपेक्षा बारीक, साधारण तीन मिलिमीटर जाडीची वळी न तुटता वळली गेली, तर त्या दिवशी यंत्र बंद ठेवावे, कंत्राटदार कितीही घाई करो. ओल्या काळ्या मातीवर एकदा चाक फिरले की तिची छिद्रे मिटतात. एप्रिल-मे हा काळ सर्वांत चांगला. ‘ढेकळे राहतात, रोलर फिरवा’ असे सांगणाऱ्याचे मुळीच ऐकू नये; भिजून-वाळून ढेकळे आपोआप विरघळतात, रोलरचा दाब मात्र वर्षानुवर्षे राहतो.

डंपर आणि पोकलेन दोन्ही उघड्या भरावावरच उभी राहावीत. पोकलेनच्या हाताच्या पोचेइतक्या पट्ट्यात निदान तीस सेंटिमीटर माती पसरावी, मागे सरकून पुढचा पट्टा उकलावा आणि पूर्ण झालेल्या पट्ट्यावर कोणतेही वाहन पुन्हा चढू देऊ नये. बुलडोझरने माती सपाट करण्याचा मोह टाळावा.

पहिल्या पावसाळ्यात ताग किंवा ढैंचा घेऊन फुलोऱ्यावर येताच गाडावा. जनावरे आत सोडू नयेत. पाऊस ओसरल्यावर ठिकठिकाणी फावड्याने खड्डे घेऊन पाहावे. जेथे सांध्यावर पाणी किंवा आडवी मुळे दिसतील, तेवढाच भाग पुढच्या उन्हाळ्यात, माती खोलवर वाळल्यावर, पुन्हा उकलावा.