कर्णबधिर शाळेत विद्यार्थ्यांची माहिती एक्सेलमध्ये कशी ठेवावी

कर्णबधिर मुलाची श्रवण तपासणी दरवर्षी नवी होते, श्रवणयंत्र बदलतं, कान वाढला की मोल्डही (यंत्राचा कानात बसणारा साचा) बदलतो. हे सगळं जनरल रजिस्टरच्या एका ओळीत बसत नाही. म्हणून एकाच फाइलमध्ये तीन शीट करा: मुख्य नोंद, श्रवण तपासणी, उपकरणं. तिन्हींत पहिला स्तंभ जनरल रजिस्टर क्रमांकाचा ठेवा, म्हणजे एका मुलाचं सगळं त्या क्रमांकावर सापडेल.

माहिती भरायला बसण्याआधी सगळे ओळख क्रमांकांचे स्तंभ निवडून त्यांचा फॉरमॅट 'टेक्स्ट' करा. सरलचा (राज्याच्या ऑनलाइन विद्यार्थी नोंदीचा) विद्यार्थी क्रमांक 19 अंकी असतो आणि एक्सेल संख्येचे फक्त 15 अंक जपतं, शेवटच्या चार अंकांची शून्यं करून टाकतं. नंतर फॉरमॅट बदलून ते अंक परत येत नाहीत, पुन्हा टाइपच करावे लागतात. मजकूर युनिकोडमध्येच लिहा. जुन्या फॉन्टमधलं नाव दुसऱ्या संगणकावर वाचताही येत नाही आणि शोधताही येत नाही.

मुख्य नोंदीत नावाचे तीन स्तंभ हवेत: दाखल्यावरचं, आधारवरचं, यूडीआयडी कार्डावरचं (दिव्यांगांचं ओळखपत्र). जिथे अक्षराचा फरक दिसेल तिथे खूण करा आणि मूल आठवीत असतानाच दुरुस्ती सुरू करा. दहावीचा फॉर्म भरताना हे निस्तरायला वेळ उरत नाही. दिव्यांग प्रमाणपत्र तात्पुरतं आहे की कायमचं, आणि तात्पुरतं असल्यास मुदत कधी संपते, हेही लिहा.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो श्रवण तपासणीत. प्रत्येक तपासणीची नवी ओळ करा, जुनी कधीही पुसू नका. तारीख, उजवा कान, डावा कान, 500, 1000, 2000 आणि 4000 हर्ट्झचे आकडे (त्या स्वराचा आवाज किती डेसिबलला ऐकू आला), यंत्र लावून की यंत्राविना, एवढं तरी हवंच. नुसतं '90' लिहिलं तर ते डेसिबल की दिव्यांगत्वाची टक्केवारी, हे पुढच्या वर्षी कोणालाच सांगता येत नाही. स्तंभाच्या मथळ्यातच एकक लिहा.

आवाजाला प्रतिसाद मिळाला नाही तर तिथे 0 अजिबात लिहू नका. 0 डेसिबल म्हणजे उत्तम ऐकू येणं! 90, 100 आणि 'प्रतिसाद नाही' अशा तीन नोंदींत शेवटी 0 भरला तर सरासरी 63 येते. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत 70 डेसिबलचा ऱ्हास म्हणजे बधिर आणि 60 ते 70 म्हणजे कमी ऐकू येणारा. म्हणजे पूर्ण बधिर मूल कागदावर भलत्याच गटात जातं. अशा ठिकाणी 'प्रतिसाद नाही' असे शब्दच लिहा आणि त्या कानाची सरासरी वाचा-श्रवण तज्ज्ञांकडून लिहून घ्या.

उपकरणांच्या शीटमध्ये कोणता कान, मॉडेल, अनुक्रमांक, मिळाल्याची तारीख, बॅटरीचा आकार (13, 675 वगैरे) आणि मोल्ड घेतल्याची तारीख ठेवा. लहान मुलाचा मोल्ड काही महिन्यांतच सैल होतो, मग यंत्र शिट्टी मारतं आणि मूल ते काढून ठेवतं. वर्ग शिक्षकांना ही शीट महिन्याला एकदा दाखवा. कॉक्लिअर इम्प्लांट असेल तर शस्त्रक्रिया, स्विच-ऑन (यंत्र पहिल्यांदा सुरू करणं) आणि शेवटचं मॅपिंग (यंत्राचा आवाज मुलाला जुळवणं) यांच्या तारखा वेगवेगळ्या लिहा.

मोबाईल नंबरापुढे एक स्तंभ हमखास ठेवा: 'फोन, संदेश की व्हिडिओ कॉल'. पालक स्वतः कर्णबधिर असतील तर वसतिगृहातून रात्री लावलेला फोन नुसता वाजत राहतो. शेजारच्या किंवा नात्यातल्या ऐकू येणाऱ्या माणसाचा नंबरही घ्या. मुलाचं खूणनाव (नावाऐवजी वापरायची खूण) आणि घरी खुणा वापरतात की बोलतात, हे नव्या शिक्षकांना पहिल्याच दिवशी लागतं.

प्रमाणपत्रांचे फोटो शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटात फिरवू नका. 2023चा विदा (डेटा) संरक्षण कायदा 18 वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती मागतो. ती प्रवेशाच्या वेळीच लेखी घ्या, आणि फॉर्मचा मजकूर कर्णबधिर पालकांना खुणांनी समजावून मगच सही घ्या. फाइलला पासवर्ड घाला, महिन्याच्या शेवटी एक प्रत वेगळ्या ड्राइव्हवर काढा आणि ती प्रत खरंच उघडते का, तेही तिथल्या तिथे बघा.