निवडणुकीवरची पैज प्रचार कार्यालयाबाहेर कशी ठेवावी

ठाणे महापालिकेच्या १३१ किंवा नवी मुंबईच्या १११ जागांची निवडणूक लागली की नौपाड्यापासून ऐरोलीपर्यंत चहाच्या टपरीवर दोन प्रश्न हमखास ऐकू येतात : तिकीट कोणाला आणि भाव काय. सट्टेबाजारात भाव जितका कमी, तितका तो उमेदवार निवडून येण्याची खात्री अधिक, असे धरले जाते. ठाण्यातील प्रचार कार्यालयांत मी मतदारयाद्या लावण्यापासून मतमोजणी प्रतिनिधींच्या तयारीपर्यंत अनेक वर्षे काम केले आहे. ज्याचे नाव मतदानयंत्रावर आहे त्याने आणि त्याच्यासाठी राबणाऱ्या कोणीही निकालावर एक रुपयाही लावू नये, स्वतःच्या विजयावरसुद्धा नाही, असे माझे ठाम मत त्यातून झाले आहे.

हा नियम प्रचाराच्या पहिल्याच बैठकीत उमेदवाराने स्वतः वाचून दाखवावा आणि त्यावर सर्वांच्या सह्या घ्याव्यात. त्यात उमेदवाराच्या घरची मंडळी, निवडणूक प्रतिनिधी, बूथप्रमुख, घरोघरी सर्वेक्षण करणारी मुले आणि गाडीचा चालक या सगळ्यांचा उल्लेख हवा. चालकाचे नाव पाहून काहींना नवल वाटते. परंतु रात्री साडेअकरा वाजता गाडी कोणत्या इमारतीखाली थांबली हे त्याला ठाऊक असते, आणि बंडखोर माघार घेणार की नाही याचे उत्तर पुष्कळदा त्या थांब्यातच दडलेले असते.

त्यानंतर माहितीचा बंदोबस्त करावा. एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचे पत्र, कोणाच्या हाती पडणार, अर्ज माघारी घेण्याच्या दिवशी कोण येणार आणि पक्षाच्या अंतर्गत पाहणीत कोणता प्रभाग डळमळीत निघाला, या तीन गोष्टी बाहेर गेल्या की लगेच भाव हलतो. म्हणून त्या मोजक्या व्यक्तींनाच ठाऊक असाव्यात आणि त्या व्यक्तींची नावे लिहून ठेवावीत. अशी माहिती विश्वासाने हाती आलेली असते. तिच्यावर पैसे लावणे म्हणजे अंधारात असलेल्या समोरच्याला फसवणे होय. ब्रिटनमध्ये पंतप्रधान ऋषी सुनक यांनी २२ मे २०२४ रोजी निवडणुकीची घोषणा केली. त्याच्या तीन दिवस आधी त्यांचे संसदीय सहायक क्रेग विल्यम्स यांनी निवडणूक जुलैमध्ये होईल यावर १०० पौंड लावले होते. रक्कम किरकोळ होती, तरी प्रचार ऐन भरात असताना पक्षाला उमेदवार म्हणून त्यांना दिलेला पाठिंबा काढून घ्यावा लागला.

‘मी माझ्याच विजयावर लावतो, त्यात कोणाचे काय बिघडते?’ हा प्रश्न दर निवडणुकीत येतो आणि त्याचे उत्तर नीट समजावून द्यावे लागते. एका प्रभागात आमच्या एका बूथप्रमुखाने आमच्याच उमेदवारावर पैसे लावले होते. दुपारी मतदान थंड दिसू लागल्यावर नुकसान भरून काढण्यासाठी त्याने प्रतिस्पर्ध्यावरही लावले, आणि साडेतीननंतर, जेव्हा घरात बसलेल्या मतदारांना बाहेर काढण्याची खरी वेळ असते, तेव्हा तो एकाही इमारतीचा जिना चढला नाही. पैज लागली की माणसाचे हित मतदाराच्या हितापासून वेगळे होते, आणि ते कोणत्या क्षणी उलटे फिरेल याचा भरवसा त्याला स्वतःलाही उरत नाही. ब्रिटनच्या त्याच निवडणुकीत मजूर पक्षाचे उमेदवार केविन क्रेग यांनी स्वतःच्या पराभवावर पैसे लावले होते. जिंकलेली रक्कम स्थानिक धर्मादाय संस्थांना देण्याचा विचार होता, असे त्यांनी सांगितले. तरीही पक्षाने त्यांना निलंबित केले. तोपर्यंत अर्जांची मुदत उलटून गेल्यामुळे मतपत्रिकेवर त्यांचे नाव पक्षाचे उमेदवार म्हणूनच राहिले. पैसा कोठे जाणार होता याला माझ्या मते महत्त्व नाही. ज्याला मत द्यायचे त्याचा फायदा त्याच्याच पराभवात असावा, हे मतदाराला कळण्याचा कोणताही मार्ग नव्हता, हा खरा दोष होता.

मामलेदार मिसळीच्या पैजेचे काय, असेही तरुण कार्यकर्ते विचारतात. दोन मतदार मित्रांनी मिसळीवर पैज लावली तर मला त्यात गैर दिसत नाही. उमेदवाराने आणि बूथप्रमुखाने मात्र तीही टाळावी, कारण आज मिसळीवर लावणाऱ्याला उद्या पाच हजारांवर कोणी बोलावले तर नकार देणे अवघड जाते.

कायद्याचा आधारही थोडक्यात सांगून ठेवावा. महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आजही लागू आहे. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम ३० नुसार पैजेचा करार रद्दबातल ठरतो, त्यामुळे जिंकलेली रक्कम न्यायालयातून वसूल करता येत नाही. पैसे लावून खेळण्याचे ऑनलाइन खेळ चालवणे आणि त्यांची जाहिरात करणे यांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे; म्हणून असल्या ॲपची लिंक प्रचाराच्या व्हॉट्सॲप गटात आली तर ती तत्काळ काढून टाकावी. सभेत सट्टेबाजाराचा भाव विजयाचा पुरावा म्हणून सांगणेही बंद करावे, कारण कोणी तरी मुद्दाम पैसे ओतून पाडलेला भाव कुंपणावरच्या मतदाराला वाऱ्याची दिशा म्हणून दाखवला जातो.

एखाद्याने आधीच पैसे लावले असतील तर त्याने ते त्याच दिवशी उमेदवाराला सांगावे, तोटा भरून काढण्यासाठी उलट पैज लावू नये आणि जिंकल्यास रक्कम घेऊ नये. उमेदवाराने त्याला बूथच्या व मतमोजणीच्या कामातून मोकळे करावे आणि त्याच्याकडील याद्या परत घ्याव्यात. प्रामाणिकपणे सांगणाऱ्याचा चारचौघांत अपमान करू नये, नाहीतर पुढच्या वेळी कोणीच सांगायला येणार नाही. त्याच्या जागी दुसऱ्या प्रतिनिधीचे नियुक्तिपत्र मुदतीत देता यावे, यासाठी प्रत्येक बूथमागे एक जादा नाव पहिल्या बैठकीतच ठरवून ठेवावे.