धावताना नडगी दुखायची, ती कशी थांबली

१० किलोमीटरच्या पहिल्या शर्यतीसाठी मी रंकाळ्याकाठी धावायला लागल्यावर काही दिवसांतच दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला, घोट्याच्या चार बोटे वर, दाबताच कळ येऊ लागली. फिजिओथेरपिस्टच्या मते दुखणे हाडाच्या कडेने लांब पट्ट्यात पसरलेले असल्यामुळे तो वाढलेल्या भाराचा ताण होता. तेच एका ठिकाणी ठणकत असते आणि विश्रांतीतही थांबत नसते, तर हाडाला बारीक तडा गेला आहे का, हे पाहावे लागले असते. नवख्या धावपटूने हा फरक नीट समजून घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

कळ थांबेपर्यंत मी धावण्याऐवजी सायकल चालवली. मग १ मिनिट धावणे, २ मिनिटे चालणे असा क्रम धरला आणि लांब ढांगांऐवजी आखूड, जलद पावले टाकली, जेणेकरून टाच शरीराच्या फार पुढे पडत नाही. रोज जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभे राहून टाचा सावकाश वर-खाली केल्या, आधी गुडघा ताठ ठेवून, नंतर किंचित वाकवून, कारण पोटरीचा खोलवरचा स्नायू वाकलेल्या गुडघ्यानेच अधिक राबतो.

शर्यत मी मध्ये चालत, पण न दुखता पूर्ण केली. पन्हाळ्याचा घाट मात्र तूर्त टाळतो, कारण उतारावर पायांना जास्त हिसके बसतात.