माउंटन बाइक स्वतः जोडायची तर: पाना उचलण्याआधीची तयारी

सुटे भाग आणून पहिल्यांदाच माउंटन बाइक जोडायला बसणारा माणूस यादी करतो ती भागांची: फ्रेम, फोर्क, चाकं, ब्रेक, गिअर, हँडल, सीट. पण घोडं अडतं ते दोन भाग जिथे एकमेकांत बसतात तिथे. म्हणून कागदावर सांधे लिहून काढा: फ्रेम आणि फोर्क, फ्रेम आणि क्रँक (पायडलचे दांडे), फ्रेम आणि मागचा हब (चाकाचा मधला भाग), हब आणि कॅसेट (मागच्या दातेरी चक्रांचा संच), कॅलिपर (ब्रेकची पकड) आणि रोटर (ब्रेकची चकती), सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि सीट ट्यूब (तो बसतो ती फ्रेमची नळी). प्रत्येक सांध्यासमोर दोन्ही बाजूंची मापं टाका आणि ती जुळली की खूण करा. खूण नसलेला सांधा उरलाय तोवर त्याचे भाग मागवू नका. जोडणीचं काम दोन सुट्ट्यांत उरकतं, खरा वेळ या कागदाला लागतो.

सुरुवात फ्रेमपासून करा, कारण बाकीच्यांना तिच्या मापात बसावं लागतं. पहिलीच सायकल असेल तर हार्डटेल, म्हणजे मागे सस्पेन्शन नसलेली फ्रेम घ्या, मागच्या सस्पेन्शनचे जादा सांधे पुढच्या वेळेला ठेवा. फ्रेमच्या माहितीपत्रकात हेडसेटचा (फोर्क ज्यांवर फिरतो त्या बेअरिंगचा) सांकेतिक क्रमांक दिलेला असतो, उदाहरणार्थ झेडएस ४४/२८.६. यातला ४४ हा फ्रेमच्या पुढच्या नळीचा आतला व्यास आणि २८.६ हा फोर्कच्या दांड्याचा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. आजकालचे बहुतेक फोर्क खाली जाड होत गेलेल्या दांड्याचे असतात, त्यामुळे वरचा आणि खालचा असे दोन क्रमांक लिहून घ्या.

मागच्या हबची रुंदी १४२ की १४८ मिलिमीटर, हेही आधीच बघा. सहा मिलिमीटरचा फरक स्क्रू आवळून भरून निघत नाही. चाकाच्या आकाराबाबत इंचांवर विसंबू नका. टायरच्या कडेवर ६०-६२२ असा आकडा छापलेला असतो, त्यातला दुसरा भाग रिमशी जुळला पाहिजे: २९ इंचीला ६२२, साडेसत्तावीसला ५८४, जुन्या २६ इंचीला ५५९. सीटपोस्ट तर हमखास फसवतो. ३०.९ आणि ३१.६ मिलिमीटरचे पोस्ट शेजारी ठेवले तरी डोळ्यांना फरक कळत नाही. बारीक पोस्ट मोठ्या नळीत जातो, पण चालवताना खाली सरकत राहतो, आणि तो थांबवायला क्लॅम्प आवळत गेलं की फ्रेमच्या नळीलाच तडा जाण्याची भीती. मापं घ्यायला एक व्हर्निअर कॅलिपर (ब्रेकचा कॅलिपर वेगळा) जवळ असलाच पाहिजे.

गिअरच्या बाबतीत माझं मत ठाम आहे: शिफ्टर (हँडलवरची गिअरची कळ), डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग), कॅसेट आणि चेन एकाच संचातले घ्या. बारा गिअरच्या ज्या कॅसेटचं सर्वांत लहान चक्र दहा दात्यांचं असतं, ती जुन्या पद्धतीच्या फ्रीहबवर (हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर) चढत नाही. शिमानोच्या अशा कॅसेटला मायक्रो स्प्लाइन प्रकारचा फ्रीहब लागतो, स्रॅमच्या कॅसेटला एक्सडी. चाकं मागवतानाच हे सांगा. शिवाय फ्रेमबरोबर डिरेलर हँगर (डिरेलर फ्रेमला अडकवणारा तुकडा) एक जादा मागवून ठेवा. तो मऊ असतो आणि पडल्यावर आधी तोच वाकतो, त्यासाठीच तो बनवलेला असतो.

आता हत्यारं. दोन ते आठ मिलिमीटरच्या चांगल्या अॅलन की, टी-२५ टॉर्क्स, चेन तोडायचं हत्यार, केबल कटर, कॅसेटच्या लॉकरिंगची (कॅसेट आवळून धरणाऱ्या कड्याची) चावी, बॉटम ब्रॅकेटच्या (क्रँकच्या बेअरिंगच्या) मापाची चावी आणि बारीक कानस. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानंच आवळणारा पाना) ही चैन नाही. स्टेमचे (हँडल फोर्कच्या दांड्याला जोडणाऱ्या भागाचे) बोल्ट साधारण पाच न्यूटन-मीटरचे असतात, कॅसेटची लॉकरिंग चाळीसची, आणि अंदाजपंचे आवळणाऱ्या नवशिक्या हाताला हे अंतर कळत नाही. भागावर छापलेला आकडा अंतिम मानायचा. हेडसेटचे कप दाबणं, फोर्कच्या बुडाशी बेअरिंगचं कडं बसवणं आणि फ्रेमचे आटे साफ करणं ही कामं पहिल्या वेळी मेकॅनिककडूनच करून घ्या. त्या हत्यारांची किंमत एका सायकलमागे वसूल होत नाही. चाकंही तयार आणा, आरे ओवायची हौस नंतर भागवता येईल.

स्टँड नसेल तर आधी त्याची सोय बघा. सायकल अडकवायची ती सीटपोस्टला धरून, फ्रेमच्या पातळ नळीला नाही. ड्रॉपर (चालवताना वरखाली होणारा सीटपोस्ट) असेल तर त्याच्या चकचकीत सरकत्या भागाला पकड लागू देऊ नका. जमिनीवर फिक्या रंगाची चादर अंथरा, म्हणजे पडलेला वॉशर दिसतो. ग्रीस, मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारा डिंक), कार्बनचा हँडल असेल तर कार्बन पेस्ट, आयसोप्रोपिल अल्कोहोल, हातमोजे आणि बरीच फडकी आधीच हाताशी ठेवा. रोटरला हात लावायचे हातमोजे वेगळे, त्यांना ग्रीसचा वासही लागता कामा नये. ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं की डॉट ब्रेक फ्लुइड, हे लिव्हरवर वाचा. एकाच्या जागी दुसरं घातलं तर आतले सील फुगून खराब होतात.

फोर्क आणि क्रँक बसवण्याआधी फ्रेमच्या आतून जाणारे होज (ब्रेकच्या तेलाच्या नळ्या) आणि केबल ओवून घ्या, नंतर वाट बंद होते. आतून न्यायचा होज लिव्हरपासून सोडवावा लागतो, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा संच यादीत आलाच. पुढचा ब्रेक कोणत्या हाताला हवा तेही आत्ताच ठरवा. होज कापण्यापूर्वी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून बघा.

बॉटम ब्रॅकेट आट्यांचा असेल तर नशीब चांगलं. त्याच्या उजव्या कपाचे आटे उलटे असतात, तसेच डाव्या पायडलचेही. आट्यांना ग्रीस लावा, कप भोकावर सरळ टेकवा आणि आधी उघडण्याच्या दिशेनं फिरवा. आटा आट्यावरून घसरून टक् असा हलका झटका बोटांना लागला की दिशा बदला. पुढचे तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी जायला हवेत. पहिल्याच फेऱ्याला चावी लागत असेल तर कप तिरका चढतोय. काढा, पुसा, पुन्हा लावा. इथे जोर केला तर फ्रेमचे आटे जातात, आणि फ्रेम हा या यादीतला महाग भाग आहे.

फोर्कचा दांडा कापताना घाई नको. पहिल्यांदा तो गरजेपेक्षा दोनएक सेंटिमीटर लांब ठेवा आणि उरलेली उंची स्टेमच्या वर स्पेसर (दांड्यावर घालायच्या कड्या) घालून भरा. काही दिवस चालवून हँडलची उंची पटली की अंतिम कापणी. त्या वेळी दांड्याच्या आतली स्टार नट (वरच्या टोपीचा बोल्ट जिच्यात बसतो ती) आधी आणखी खोल ठोकायची, नाहीतर करवत तिच्यावरच जाईल. कापलेला दांडा वरच्या स्पेसरच्या कडेपेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली राहिला पाहिजे आणि कड कानशीनं साफ केलेली हवी. वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवतो असा पुष्कळांचा समज असतो. तो फक्त बेअरिंगमधली ढिलाई काढतो, धरून ठेवायचं काम स्टेमच्या बाजूच्या बोल्टांचं. म्हणून आधी टोपी हलकेच आवळायची, मग हँडल चाकाशी सरळ करायचा, मग बाजूचे बोल्ट. पुढचा ब्रेक दाबून, हेडसेटच्या फटीवर बोट ठेवून सायकल पुढे-मागे ढकला. बोटाखाली टकटक जाणवली तर बाजूचे बोल्ट सैल करून टोपी किंचित आणखी.

चेनची लांबी डिरेलर वगळून, सर्वांत मोठ्या कॅसेट-चक्रावरून आणि पुढच्या चक्रावरून फिरवून मोजतात. त्यावर किती कड्या वाढवायच्या ते त्या संचाच्या पुस्तिकेत असतं. टायर ट्यूबलेस करायचे असतील तर आधी सीलंटशिवाय (भोक बुजवणाऱ्या द्रवाशिवाय) हवा भरून कडा रिमवर बसतात का पाहा, म्हणजे पसारा टळतो.

पहिल्या फेरीला सपाट, मोकळा रस्ता निवडा. नवे ब्रेक आधी रुळवावे लागतात: मध्यम वेग घ्या आणि पूर्ण न थांबता चालण्याच्या वेगापर्यंत हळू या, असं वीसेक वेळा, पुढच्या-मागच्या ब्रेकनं वेगवेगळं. परत आल्यावर स्टेम, क्रँक आणि रोटरच्या बोल्टांवर टॉर्क रेंच पुन्हा फिरवा. नवी केबल थोडी बसते, त्यामुळे गिअर दुसऱ्या-तिसऱ्या फेरीला अडखळू लागले तर डिरेलरच्या मर्यादा-स्क्रूंना हात लावू नका. शिफ्टरजवळचा बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण बदलणारा गोल स्क्रू) अर्धा फेरा बाहेर काढला की बहुतेक वेळा काम होतं.