निसर्ग मंडळातील पहिले वर्ष: टेकडी, शाळा आणि वस्ती

पुण्यात पदव्युत्तर शिक्षण घेत असताना मी विद्यापीठातील निसर्ग मंडळात काम केले आणि पुढे त्याचे संयोजनही पाहिले. यंदा प्रवेश घेऊन अशा मंडळात येऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी तो अनुभव येथे मांडत आहे. मंडळाने एक टेकडी, एक शाळा आणि एक वस्ती निवडावी आणि वर्षानुवर्षे तेथेच जात राहावे, असे माझे ठाम मत झाले आहे. दर महिन्याला नवे ठिकाण आणि नवा उपक्रम घेतल्याने अहवाल भरगच्च होतो. ओळख मात्र कशाशीच होत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या १९९१ मधील निकालानंतर पर्यावरण हा विषय अभ्यासक्रमात सक्तीचा होत गेला, त्यामुळे पदवीच्या वर्गात तुम्ही तो शिकला असालच. त्या विषयाचा प्रकल्प पुष्कळदा आधीच्या तुकडीच्या वहीवरून उतरवला जातो. मंडळात तसे करता येत नाही, कारण येथे नोंद स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनच करावी लागते.

नव्या सभासदांचा पहिला प्रस्ताव बहुधा वृक्षारोपणाचा असतो. त्या उत्साहाचा मान राखूनही मी सांगेन की खड्डे खणण्यापूर्वी एक संपूर्ण वर्ष टेकडी पाहावी. वेताळ टेकडीसारख्या पुण्याच्या टेकड्यांवर साळई, मेडशिंग, धामण अशी पानझडी झाडे विरळ असतात आणि त्यांच्यामध्ये गवताळ माळ पसरलेला असतो. हा माळ म्हणजे ओसाड जमीन नव्हे. चंडोलासारखे पक्षी जमिनीवर गवताच्या आडोशाने घरटे करतात, आणि पावसाळ्यात काही आठवड्यांपुरत्या उगवणाऱ्या वनस्पतींना मोकळे ऊन लागते. पूर्वी झटपट हिरवाई यावी म्हणून लावलेल्या, मूळच्या मध्य अमेरिकेतील गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) या झाडाने या टेकड्यांचा बराच भाग व्यापला आहे. त्याच्या दाट सावलीत जाऊन बसा आणि नंतर शेजारच्या उघड्या माळावर बसा, म्हणजे कोणते झाड कोठे लावावे, आणि कोठे मुळीच लावू नये, हा प्रश्न किती गंभीर आहे ते कळेल. आम्ही एक ठरावीक वाट निवडून दर महिन्याला त्याच झाडांची पालवी, फूल आणि फळ यांच्या नोंदी ठेवत असू. नाव माहीत नसले तरी तारीख, वेळ, जागा आणि छायाचित्र यांवर काम सुरू होते. फेब्रुवारीतील चार दिवसांच्या पक्षीगणनेत देशभरातील शिक्षणसंस्थांची आवारे सहभागी होतात. किमान १५ मिनिटे पाहून केलेली यादी पक्षीनोंदींच्या ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर नोंदवता येते. नवख्यांनी सुरुवात तेथून करावी.

शाळेत जाताना भाषणाऐवजी प्रयोग न्यावा. गणेशोत्सवापूर्वी प्लास्टर ऑफ पॅरिसचा तुकडा साध्या पाण्यात आणि दुसरा अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात ठेवून दाखवला की मुले स्वतःच प्रश्न विचारू लागतात. प्लास्टर पाण्यात सहजी विरघळत नाही. या द्रावणात मात्र त्याचे कॅल्शियम कार्बोनेट होऊन तळाशी बसते आणि पाण्यात खत म्हणून वापरता येणारे अमोनियम सल्फेट उरते. ही पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने विकसित केली आणि महापालिकेने घरगुती विसर्जनासाठी अमोनियम बायकार्बोनेटची पावडर नागरिकांना वाटली, हे सांगितल्यावर आपल्या शहरातील संशोधनाचा घरातील बादलीशी असलेला संबंध मुलांना समजतो. अमोनियाचा वास येतो, म्हणून प्रयोग मोकळ्या हवेत, शिक्षकांच्या उपस्थितीत करावा आणि तुकडे लहान घ्यावेत.

वस्तीत मात्र शिकवायला जाऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. कचऱ्याविषयी सर्वांत जास्त ज्ञान कचरावेचक महिलांकडे आहे. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीमुळे पुण्यात या महिलांची मोठी संघटना उभी राहिली आहे. त्यांच्यापैकी कोणी वेळ देण्यास तयार असेल, तर आपले सत्र त्यांच्याकडे सोपवावे आणि त्या वेळेचे मानधन द्यावे. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत ओला, सुका आणि घरगुती घातक अशी विभागणी होती, ती आपण पाठ केली. पण पुठ्ठा आणि दुधाची पिशवी भंगारात विकली जाते आणि वेफर्सच्या चकचकीत पुडीला सहसा कोणी घेत नाही, हा हिशेब या महिला हाताच्या स्पर्शानेच ओळखतात. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका का करावा, हे त्यांच्या तोंडून ऐकलेले विद्यार्थी आपल्या वसतिगृहात ती सवय लावून घेतात.

राष्ट्रीय सेवा योजनेत असणाऱ्यांनी दोन वर्षांच्या २४० तासांमध्ये हे काम धरता येईल का, ते कार्यक्रम अधिकाऱ्यांना आरंभीच विचारावे. शाळेची लेखी परवानगी आणि टेकडीवर जाणाऱ्यांची यादी मार्गदर्शक प्राध्यापकांकडे असावी. परीक्षेच्या महिन्यांत एखादा उपक्रम रद्द झाला तरी चालेल. वाटेवरील मासिक नोंद चुकवू नये, त्यासाठी दोन सभासद पुरतात. पदव्युत्तर विद्यार्थी दोन वर्षांत निघून जातात, म्हणून उन्हाळी सुट्टीपूर्वी नोंदवही, छायाचित्रे आणि शाळा-वस्तीतील परिचितांची ओळख पुढच्या तुकडीकडे सोपवावी, आणि शेवटच्या फेरीला दोन्ही तुकड्यांनी एकत्र जावे.