मोर्च्यात पुस्तकांचा स्टॉल लावायचा तर

साहित्य संमेलनात माणूस पुस्तकांसाठीच येतो. मोर्च्यात तो पीकविमा, वनहक्काचा दावा नाहीतर थकलेला पगार घेऊन आलेला असतो आणि त्याला शेवटची एसटी गाठायची असते. म्हणून संमेलनातला माल तसाच उचलून मोर्च्यात मांडला की बहुतेक परत येतो. टायटल निवडताना आधी त्या दिवसाची मागणी काय आहे ते पाहा.

नंदुरबारला वनहक्काचा मोर्चा असेल तर 2006 चा वनहक्क कायदा आणि आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा 1996 चा पेसा कायदा सोप्या मराठीत सांगणाऱ्या पुस्तिका प्रत्येकी 50 तरी हव्यात. त्यांच्या जोडीला शहाद्याच्या श्रमिक संघटनेची 1972 पासूनची चळवळ, नर्मदेचे विस्थापन, आदिवासी कविता, संविधान. एकूण 25-30 टायटल पुरतात. पुस्तिका सोडून बाकीच्यांच्या 2-3 प्रती, आणि निम्म्याहून जास्त माल 100 रुपयांच्या आतला. साने गुरुजी खानदेशात कुठेही खपतात. त्यांचे निधन 1950 चे, त्यामुळे हयातीत छापलेले लेखन 2011 पासून स्वामित्व हक्कातून मोकळे आहे आणि स्वस्त आवृत्त्या भरपूर मिळतात. त्यातल्या काहींत मजकूर गाळलेला असतो आणि त्या चुकांनी भरलेल्या असतात. चार पाने वाचल्याशिवाय गठ्ठा उचलू नका.

माल परतीच्या बोलीवर घ्या. रोखीत कमिशन जास्त मिळते, पण उरलेला माल गळ्यात पडतो. परतीची मुदत चलनावर लिहून घ्या. छापील पुस्तकांना जीएसटी नाही. डायऱ्या-कॅलेंडर ठेवलेच तर त्यांचे बिल वेगळे करा.

परवानगी आयोजकांच्या अर्जातूनच मिळवावी: ‘पुस्तक विक्रीचे एक टेबल’ एवढे त्यात लिहायला सांगा आणि मंजुरीची झेरॉक्स खिशात ठेवा. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे कलम 37 लागू असेल तर काठ्या बाळगायलाही बंदी असते, तेव्हा बांबूचा मांडव टाळा. घडीचे टेबल, ताडपत्री, सुतळी पुरे. धुळ्यात क्युमाईन क्लबजवळ धरणे असो की जळगावला कलेक्टर कचेरीसमोर, टेबल रस्त्याच्या कडेला आणि मोर्च्याच्या तोंडापासून दूर लावा. गर्दी सरकली की पहिले टेबलच आडवे होते.

एप्रिल-मेमध्ये पारा 44 च्या वर गेला की बांधणीचा गोंद मऊ होतो आणि पाने सुटतात. लॅमिनेशनची कव्हरे वळतात. सावली नसेल तर प्रत्येक टायटलची एकच प्रत वर ठेवा, बाकीच्या टेबलाखाली, ओल्या गोणपाटापासून लांब. वाऱ्यासाठी पुस्तकांवरून सुतळी आडवी ताणा. किंमत मोठ्या अक्षरांत पुस्तकावरच लावा, कारण किंमत विचारायला संकोच वाटणारा गिऱ्हाईक न विचारताच निघून जातो. गठ्ठे 10-12 किलोचेच बांधा. पळापळ झाली तर एकाला एक उचलता आला पाहिजे.

भाषणे चालू असताना हाक मारू नका. खरी विक्री दोनदाच होते: लोक जमत असताना, आणि शिष्टमंडळ निवेदन द्यायला आत गेले की. त्या तासा-दीड तासात लोक नुसते बसून असतात. तेव्हा टेबल सोडा, दहा-बारा पुस्तिका हातात घेऊन बसलेल्यांत जा आणि एखादे पान वाचून दाखवा. धुळे-अमळनेरकडे अहिराणीत बोला. अक्राणी-अक्कलकुव्याच्या लोकांसाठी पावरी किंवा भिली बोलणारा कार्यकर्ता सोबत घ्या. ज्याला वाचता येत नाही तोही शाळेतल्या पोरासाठी पुस्तक नेतो, त्याला वगळू नका. गर्दीत नेटवर्क बसते आणि यूपीआय अडकते, म्हणून 10-20 च्या नोटांचे हजारभर रुपये सुटे हवेत.

पोलिसांनी पुस्तक उचलून पाहिले तर पाहू द्या आणि टायटलची छापील यादी, खरेदीच्या बिलांसह, पुढे करा. सरकारने पुस्तक जप्त जाहीर करायचे तर राजपत्रात कारणांसह अधिसूचना काढावी लागते. कुणाला मजकूर खटकला म्हणून ते बंदी घातलेले होत नाही. तरीही प्रती नेल्याच तर वाद न घालता पंचनामा मागा. त्यात प्रत्येक टायटल आणि प्रतींची संख्या लिहून घ्या, आणि त्याच संध्याकाळी प्रकाशकाला व वकिलाला त्याची नक्कल पाठवा.