विद्यापीठात मदत मागताना: कोणत्या अडचणीसाठी कोणाकडे जावे

प्रवेशाच्या वेळी मिळणाऱ्या माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांवर समुपदेशन केंद्र, विद्यार्थी विकास मंडळ, अंतर्गत तक्रार समिती, रॅगिंग प्रतिबंधक समिती अशी नावे छापलेली असतात. त्या दिवशी ती पाने कोणी वाचत नाही. पुढे तिसऱ्या किंवा चौथ्या सत्रात कोणाची शिष्यवृत्ती अडते, कोणाची झोप उडते, एखाद्या तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाचे मानधन महिनोन्महिने येत नाही, आणि मग माणूस समोर दिसेल त्या कार्यालयात जाऊन ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर घेऊन परततो. महाराष्ट्रातील सार्वजनिक विद्यापीठांत आणि त्यांच्या संलग्न महाविद्यालयांत शिकणाऱ्या व काम करणाऱ्यांना ही पायपीट टाळता यावी, म्हणून हे लिहीत आहे.

पहिले काम म्हणजे त्रासाचे मूळ शोधणे, आणि ते वाटते तितके सोपे नाही. काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात विद्यार्थी विकासाचे काम पाहत असताना वर्गात गप्प बसणारा, परीक्षेचा अर्जही न भरलेला एक मुलगा माझ्याकडे आला. मी त्याला समुपदेशनासाठी पाठवायची चिठ्ठी लिहायला घेतली होती. बोलता बोलता कळले की मेसचे बिल थकल्यामुळे तो दहा-बारा दिवस एकाच वेळी जेवत होता, आणि बिल थकण्याचे कारण म्हणजे शिष्यवृत्तीचा हप्ता जमाच झालेला नव्हता. त्याचे आधार ज्या बँक खात्याशी जोडलेले होते ते खाते केव्हाच निष्क्रिय झाले होते. बँकेतले काम एका दुपारी झाले. मी मात्र तोपर्यंत त्याच्या मनःस्थितीविषयी निष्कर्ष काढून बसलो होतो. तेव्हापासून समोर आलेल्या मुलाला मी आधी जेवणाविषयी विचारतो.

म्हणून अडचण पैशाची असेल, तर सुरुवात महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरील स्वतःच्या अर्जाची स्थिती पाहण्यापासून करावी. अर्ज महाविद्यालयाच्या लॉगिनमध्ये थांबला आहे की पुढे संबंधित विभागाकडे, हे तेथे दिसते, आणि कोणाला भेटायचे हे त्यावरूनच ठरते. आधार कोणत्या बँक खात्याशी जोडलेले आहे आणि ते खाते चालू आहे का, हे प्रत्येक वर्षाच्या आरंभी तपासावे. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी सामाजिक न्याय विभागाची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आणि निर्वाह भत्त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाची योजना आहे. पात्रतेच्या अटी वेगवेगळ्या असल्याने दोन्ही वाचून पाहाव्यात. वार्षिक कौटुंबिक उत्पन्न 8 लाख रुपयांपर्यंत असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना, केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्यास, 2024-25 पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत आहे. तरीही शुल्क मागितले गेले, तर शासन निर्णयाची प्रत सोबत नेऊन लेखी विचारणा करावी.

‘कमवा व शिका’ योजनेकडे कमीपणाच्या भावनेने पाहणारे विद्यार्थी मला आजही भेटतात, याचे मनापासून वाईट वाटते. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले ते याच विचारावर. अंगमेहनत करून शिकलेल्या कितीतरी पिढ्या त्यातून उभ्या राहिल्या. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठासह अनेक ठिकाणी ही योजना विद्यार्थी विकास विभागामार्फत चालते आणि ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय किंवा बागेतील कामाचे तासांप्रमाणे मानधन मिळते. जागा मर्यादित असतात, त्यामुळे सत्र सुरू होताच महाविद्यालयाच्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटावे.

पैशाचा प्रश्न नसेल, किंवा तो सुटूनही मन थाऱ्यावर येत नसेल, तर समुपदेशकाकडे जावे. सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये दिलेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 100 किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमणे आवश्यक आहे; त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक व्यवस्था ठेवावयाची आहे. आपल्या महाविद्यालयात असे कोणीच नसेल, तर प्राचार्यांना तसे लेखी विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे. पहिल्या भेटीतच तीन गोष्टी विचाराव्यात: नोंदी कोठे ठेवल्या जातात, त्या कोण पाहू शकते, आणि पालकांना किंवा विभागप्रमुखांना केव्हा कळवले जाते. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 रुग्णाला गोपनीयतेचा हक्क देतो. जिवाला धोका असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. हे आधी स्पष्ट झाले की बोलणे मोकळे होते. रात्री-अपरात्री किंवा सुट्टीत 14416 या टेलिमानस (शासकीय मानसिक आरोग्य सेवा) क्रमांकावर मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.

मित्र किंवा सहकारी जगणे नको झाल्याचे बोलू लागला, तर ते हसण्यावारी नेऊ नये. त्याला थेट आणि शांतपणे विचारावे, एकटे सोडू नये, वसतिगृह अधीक्षकांना त्याच वेळी उठवावे, आणि धोका तातडीचा वाटल्यास 108 वर रुग्णवाहिका बोलवावी. पोलिसांचे लचांड मागे लागेल या भीतीने रुग्णालयात नेण्यास उशीर झाल्याचे मी पाहिले आहे. 2017 च्या अधिनियमाचे कलम 115 असे सांगते की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरावे. तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी आहे. प्रत्येक अधीक्षकाला हे कलम माहीत असायला हवे.

रॅगिंगसाठी 1800-180-5522 हा चोवीस तास चालणारा क्रमांक आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या विनियमांनुसार, रॅगिंग झाल्याचे समजल्यावर संस्थाप्रमुखाने 24 तासांच्या आत पोलिसांत गुन्हा नोंदवण्याची कार्यवाही करावयाची असते, त्यामुळे ‘आपसांत मिटवून घ्या’ हा सल्ला मान्य करण्याचे कारण नाही.

लैंगिक छळाची तक्रार अंतर्गत तक्रार समितीकडे, शेवटच्या घटनेपासून 3 महिन्यांच्या आत, लेखी स्वरूपात करावी. सबळ कारण असल्यास समिती आणखी 3 महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते, आणि चौकशी 90 दिवसांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. येथे बहुतेकांना ठाऊक नसलेली एक महत्त्वाची सोय सांगतो. आयोगाच्या 2015 च्या विनियमांनुसार चौकशी चालू असताना तक्रारदाराच्या परीक्षांचे किंवा कामाचे मूल्यमापन करण्यापासून ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्या व्यक्तीला दूर ठेवण्याची, तसेच तक्रारदाराला 3 महिन्यांपर्यंत रजा देण्याची विनंती करता येते. गुण आपल्या मार्गदर्शकाच्याच हातात आहेत या धास्तीने गप्प राहणाऱ्या संशोधक विद्यार्थिनींनी ही विनंती तक्रारीसोबतच जोडावी.

निकाल रखडणे, मूळ कागदपत्रे अडकवून ठेवणे, प्रवेश रद्द केल्यावर शुल्क परत न मिळणे या तक्रारी विद्यार्थी तक्रार निवारण समितीकडे जातात. आयोगाच्या 2023 च्या विनियमांनुसार या समितीने 15 कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यावयाचा असतो, आणि निर्णय पटला नाही तर तो मिळाल्यापासून 15 दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालाकडे अपील करता येते. अर्जाला तारीख घालावी, दोन प्रती न्याव्यात आणि एका प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यावी. ही पोच नसेल तर मुदत कधी सुरू झाली हेच सिद्ध करता येत नाही. दिव्यांग विद्यार्थ्यांनी लेखनिक आणि तासाला किमान 20 मिनिटे जादा वेळ यांसाठीचा अर्ज परीक्षेचे वेळापत्रक येण्यापूर्वीच द्यावा.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठी आयोगाच्या 2022 च्या विनियमांत महिला संशोधकांना संपूर्ण कालावधीत 240 दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा आहे. मार्गदर्शकांनी तोंडी नकार दिला, तर अर्ज विभागप्रमुखांमार्फत लेखी पाठवावा.

कर्मचाऱ्यांच्या वाट्याला मात्र यातले फार थोडे येते. समुपदेशन केंद्राची पाटी विद्यार्थ्यांसाठी असते, आणि परीक्षा विभागात रात्री उशिरापर्यंत बसणाऱ्या लिपिकाला तेथे जाता येईल का, हे कोणी सांगत नाही. त्यांनी कुलसचिवांकडे लेखी विचारणा करावी. अनेकदा मनाई कोणीच केलेली नसते. सेवाविषयक गाऱ्हाण्यांसाठी महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम 2016 खाली शिक्षक व शिक्षकेतर कर्मचाऱ्यांची तक्रार निवारण समिती आहे, आणि बडतर्फी किंवा पदावनतीसारख्या आदेशाविरुद्ध विद्यापीठ व महाविद्यालयीन न्यायाधिकरणाकडे दाद मागता येते. त्यासाठीची मुदत अल्प असल्याने आदेश हाती पडताच वकिलाचा सल्ला घ्यावा. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांनी नेमणूकपत्र आणि घेतलेल्या तासिकांची स्वाक्षरीसह नोंद स्वतःजवळ ठेवावी, कारण थकीत मानधनाची मागणी याच कागदांवर उभी राहते.

कंत्राटदारामार्फत आलेले सुरक्षारक्षक आणि सफाई कामगार कोणत्याच यादीत नसतात. त्यांनी वेतनपावती मागावी आणि भविष्य निर्वाह निधीची रक्कम खात्यात खरोखर जमा होते का, हे मोबाइलवर पाहावे. कंत्राटदाराने वेतन थकवल्यास मुख्य नियोक्ता म्हणून विद्यापीठावरही जबाबदारी येते, त्यामुळे अर्ज कंत्राटदाराबरोबरच कुलसचिवांच्या नावेही द्यावा. अर्ज लिहिता येत नसेल, तर त्याच आवारात शिकणारा कोणीही विद्यार्थी तो दहा मिनिटांत लिहून देऊ शकतो.